सतराव्या दगडाचं तोंड

सोमवारी, १२ फेब्रुवारी १९१२ रोजी, सकाळी पावणेआठ वाजता कडा गावाच्या पश्चिमेला दोन कोसांवर मोजणीची साखळी थांबली. शिवेचा सोळा नंबरचा दगड सापडला होता. अठरा नंबरचाही सापडला होता. सतरा नंबरचा कुठेच नव्हता.

शिवेच्या पूर्वेला निजामाची मोगलाई, पश्चिमेला इंग्रजांचा नगर जिल्हा. दोन्ही सरकारांच्या नकाशांत या ठिकाणी बेचाळीस पावलांचा फरक पडत होता. तो मिटवण्यासाठी मोगलाईचा मोजणी कारकून त्रिंबकराव आठ दिवस तंबू ठोकून बसला होता. इंग्रजी नकाशाप्रमाणे सतरावा दगड पूर्वेला, बांधावरच्या बाभळीपाशी हवा होता. तिथे खणून पाहिलं, काही निघालं नाही. मोगलाईच्या नकाशाप्रमाणे तो बेचाळीस पावलं पश्चिमेला हवा होता. तिथे म्हसोबा होता. कमरेइतका उंच, आणि शेंदराच्या थरांनी इतका फुगलेला की आत दगड चौकोनी की गोल, तेही कळत नव्हतं.

बाभळ आणि म्हसोबा यांच्या मध्ये एक विहीर होती. ती कडूबाईची. कडूबाई विधवा, वय पन्नासच्या आसपास. तिचा सगळा मळा त्या एका विहिरीवर होता. इंग्रजी नकाशा खरा ठरला तर विहीर शिवेपलीकडच्या सुंदररावाच्या जमिनीत जाणार होती. सुंदररावाने कुंपणासाठी बाभळीच्या काट्या आधीच तोडून ठेवल्या होत्या, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

त्रिंबकरावाची कामाची एक पद्धत होती. दगड कुठे होता, असं तो कुणालाच सरळ विचारत नसे. त्याचा अनुभव असा की जमिनीच्या प्रश्नाला लोक पाठ केलेलं उत्तर देतात. त्याऐवजी तो माणसं गोळा करी, मोगलाईतली आणि इंग्रजी हद्दीतलीही, आणि विचारी की या शिवेवर मागच्या एखाद्या सालात जाऊन उभं राहायला मिळालं तर कोणतं साल घ्याल. माणूस खुलतो, आणि बोलता बोलता कुठे उभं राहायचं तेही सांगून जातो.

त्या दिवशी दहाच्या सुमारास म्हसोबापुढे चार माणसं बसली. गावचा पाटील शहादेव म्हणाला की त्याला पेंढाऱ्यांचा काळ पाहायचाय. त्याचा खापरपणजा शिंग घेऊन टेकडीवर बसायचा आणि धूळ दिसली की फुंकायचा. एकदा त्याने मेंढरांच्या धुळीला शिंग फुंकलं आणि सगळं गाव दिवसभर रानात लपून बसलं, हेही शहादेवानेच सांगितलं. सुंदररावाला नगरची निजामशाही हवी होती. तेव्हा नगरही एकाच धन्याचं आणि बीडही. म्हैस हाकत इकडून तिकडे गेलं तरी नाक्यावर कुणी अडवत नसे.

"म्हंजे तवा तुमाला कुंपण कुटं घालावं ह्याचाच घोर पडला असता," शहादेव म्हणाला. सुंदरराव हसला नाही.

शिवेची राखण सटवाच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्याने दगड रोवले ते साल मागितलं. त्याच्या बापाने बैलगाडीतून दगड आणले होते, आणि दर दगडाला एक बोकड पडला होता. सटवाचं म्हणणं, एवढं मटण पुढे घराण्यात कुणालाच मिळालं नाही. त्याच ओघात तो एक गोष्ट सांगून गेला, आणि त्रिंबकरावाची लेखणी तिथे थांबली. प्रत्येक दगडाच्या दोन तोंडांवर नंबर खोदलेला होता: मोगलाईच्या अंगाला उर्दू आकडा, इंग्रजांच्या अंगाला इंग्रजी. त्रिंबकराव लगेच उठला आणि सोळा व अठरा नंबरचे दगड पाहून आला. सटवाचं म्हणणं बरोबर होतं.

उरली कडूबाई. ती म्हणाली तिला काही नको. त्रिंबकरावाने आग्रह केला नाही. बाकीचे मेंढरांच्या धुळीवर बोलत राहिले. थोड्या वेळाने तीच बोलली.

"मला पलेगाचं साल पायजे. सगळं न्हाई. एकच सकाळ."

शहादेवाने विचारलं, "कावून वैनी? त्या सालात पाहण्यासारखं काय व्हतं?"

चौदा वर्षांपूर्वी पलीकडे प्लेग होता. नगरकडून पथक यायचं आणि ताप असलेल्या माणसाला उचलून छावणीत न्यायचं. तिथून थोडीच माणसं परत येत. कडूबाईचं खोपट आताच्या विहिरीपाशी होतं आणि तिला ताप होता. पथक आलं तेव्हा तिचा नवरा उत्तरेश्वर त्यांना शिवेचा दगड दाखवायला घेऊन गेला. खोपट मोगलाईत आहे, तुमची हद्द दगडापलीकडे, असं त्याने सांगितलं. पथकाने दगड पाहिला आणि ते परत गेलं. दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वराने त्याच दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि तेव्हापासून तो म्हसोबा झाला. इथवर गावाला ठाऊक होतं. पुढचं ती पहिल्यांदाच सांगत होती.

"ते लोक येयच्या आदी पहार वाजत व्हती," कडूबाई म्हणाली. "मी आत पडून ऐकली. तवा हीर खणाय सुरवात न्हवती झाली. का तापातच वाजली, ते मला म्हाईत न्हाई. मालकांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. आता ते गेले त्यालाबी पाच वर्सं झाली."

 मग सुंदररावाने त्रिंबकरावाला विचारलं की हे लिहून घेतलं ना. त्रिंबकराव म्हणाला की पहार ऐकल्याने दगड हलला असं ठरत नाही. दगडाचं तोंड पाहावं लागेल. उत्तरेश्वराला कुठलंच अक्षर येत नव्हतं. त्याने घाईत दगड उपटून पुन्हा रोवला असेल तर उर्दू तोंड इंग्रजांकडे आणि इंग्रजी तोंड मोगलाईकडे बसण्याचाही संभव होता. तोंडं उलटी निघाली तर दगड हलला, म्हणजे इंग्रजी नकाशा खरा. सुलटी असली तर तो हलला नाही असं धरून मोगलाईचा नकाशा कायम करायचा. हे त्याने सगळ्यांसमोर लिहिलं आणि बाकी तिघांचे अंगठे घेतले. सुंदररावाने सही केली.

अडचण शेंदराची होती. देवाच्या अंगाला लोखंड लावायचं नाही, यावर शहादेव आणि सुंदरराव यांचं त्या दिवशी प्रथमच एकमत झालं. सुंदररावाच्या घरूनही दर पौषात इथे नारळ येत असे. शेंदराचं कवच देव आपणहून टाकतो, तोवर थांबावं, असं दोघे म्हणाले. त्रिंबकरावाला शुक्रवारी तंबू हलवायचा हुकूम होता.

कडूबाई म्हणाली की लोखंड नको, ऊन पाणी चालतं. दर अमावस्येला ती तेच घालते. फार तर आता रोज घालेल.

"तुमची हीर जाईल त्यात," त्रिंबकराव म्हणाला.

"जाईल की."

त्या दुपारपासून ती विहिरीचं पाणी तापवून हंड्याने म्हसोबावर ओतू लागली. मंगळवारी ओतलं, बुधवारी ओतलं. बुधवारी तिला हंडा उचलेना तेव्हा सटवाने लाकडं फोडून दिली आणि शहादेवाच्या घरच्या बायकांनी पाणी शेंदलं. सुंदरराव दोनदा येऊन पाहून गेला. दुसऱ्यांदा त्याने जळणाला चार शेण्या आणल्या होत्या. सटवाने जाळ सारताना त्रिंबकरावाला विचारलं की सायब, तुमाला कंचं साल. त्रिंबकराव म्हणाला की हा प्रश्न त्याला बारा गावांत कुणी उलटा विचारला नव्हता. ही रेघ ज्या तंबूत पहिल्यांदा ओढली तिथे कोण कोण बसलं होतं ते पाहायचं त्याच्या मनात फार दिवस होतं.

"अन् आता?"

"आता पलेगाची ती सकाळ."

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी म्हसोबाच्या पूर्वेच्या अंगावर, म्हणजे मोगलाईकडच्या तोंडावर, शेंदराला चीर गेली आणि तळहाताएवढा तुकडा निखळून पडला. कडूबाईने तो पदरात घेतला. आत काळा दगड होता आणि त्यावर खोदलेली एक उभी रेघ. त्रिंबकरावाने बोट फिरवून पाहिलं. तो एकचा आकडा होता. उर्दूत एक असाच लिहितात, इंग्रजीतही असाच.

सात मात्र दोन्हींत वेगळा; तो आकडा उजवीकडे, अजून शेंदराखाली होता. तिथला थर बोटभर जाड होता. साडेपाच वाजता कडूबाईने दुसरा हंडा चुलीवर चढवला.