वरचा रस्ता

“मला भूक नाही,” काका दारातूनच म्हणाले. “तुम्ही बसा जेवायला.”

मावशीच्या हातातला डाव हातातच राहिला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्या माणसाला भूक नाही हे तिने त्यांच्या तापातसुद्धा ऐकलं नव्हतं. दुधाचा टेम्पो अंगणात लावायचा, हातपाय धुवायचे आणि “काय केलंयस गं आज?” असं विचारतच आत यायचं, ही त्यांची रोजची रीत. आज ते आले, व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या पिवळ्या सायकलीपाशी थबकले. मग खिडकीतून आत, टेबलाशी बसलेल्या पाहुणीकडे पाहिलं, आणि निखाऱ्यावर पाय पडावा तसे मागे सरले.

मावशीच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. गेली दोन वर्षं ती नवऱ्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवून होती.

त्याला कारण होतं. त्यांचं घर पडक्या किल्ल्याच्या पायथ्याशी, दोन रस्त्यांच्या बेचक्यात. खालचा रस्ता नवा, रुंद, ट्रकांच्या धुरळ्याचा. वरचा रस्ता जुना, राजाच्या काळातला. तो ढासळलेल्या तटाच्या कडेकडेने, दगडी पुलांवरून, अर्ध्या ओस पडलेल्या गावांतून जायचा. दिवसभरात एखादी गाडी आली तर आली, म्हणून शहरातले सायकलवाले त्याच्यावर जीव टाकायचे. मावशीने त्यांच्यासाठीच दोन खोल्या रंगवून घेतल्या होत्या. राहायला खोली, जेवायला घरचं आणि निघताना बाटलीत गार पाणी. ते सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून गावही मावशी म्हणू लागलं.

काकांनी सगळी हयात डेअरीला दूध वरच्या रस्त्याने नेलं. आणि दोन वर्षांपूर्वी एके दिवशी अचानक खालच्या रस्त्याने जायला लागले. हा रस्ता लांबचा. “वरच्या रस्त्यानं टेम्पोच्या स्प्रिंगा बसतात,” म्हणाले. इतकी वर्षं त्या स्प्रिंगांना तोंड नव्हतं, ते नेमकं तेव्हाच फुटलं. खालच्या रस्त्याच्या फाट्यावर एका बाईने केस कापायचं दुकान टाकलं होतं, हेही मावशीच्या लक्षात आलं होतं. त्यात भर म्हणजे त्याच महिन्यात काकांचा स्वेटर नाहीसा झाला.

“हरवला,” काका म्हणाले.

“अंगातला स्वेटर हरवायला तो काय रुमाल आहे?”

मावशी चार दिवस भांडली, मग तिने भांडण आवरतं घेतलं. पण संशयाचं असं असतं, त्याला खायला घातलं नाही तरी तो अंग धरतो. कामाचं निमित्त काढून ती दोनदा त्या दुकानात केस कापून घेऊन आली. दुकानामागच्या त्या बाईच्या घरात कुठे स्वेटरची राखाडी लोकर दिसते का ते पाहिलं. दिसली नाही. केस मात्र फार आखूड झाले.

आणि आज ही बाई! पन्नाशीची, उन्हाने रापलेली, गुडघ्यावर ताजं खरचटलेलं. दुपारी आली तेव्हा मावशीला आवडलीच होती. आता मात्र तिने तिला नव्याने, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुम्ही ह्या बाजूला आधी कधी आला होतात?” भाजी वाढता वाढता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“एकदाच. पण तेव्हा सायकलवर नव्हते.”

“कुणाकडे आला होतात?”

पाहुणीने चमचा खाली ठेवला. “पोलीस चौकीवर,” ती म्हणाली.

मावशीच्या मनातली सगळी जुळवाजुळव कोसळली. ती समोरची खुर्ची ओढून बसली.

“माझे मिस्टर ह्याच वरच्या रस्त्यावर गेले,” पाहुणी म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी. ही सायकल त्यांचीच. किल्ल्याच्या बुरुजाचं वळण आहे ना, तिथल्या उतारावर पडले. डोकं कठड्यावर आपटलं. दुपारी कुणीतरी पाहिलं, तोपर्यंत सगळं संपलं होतं.”

मावशीला ते आठवलं. त्या वेळी ती धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. परतली तेव्हा गावात थोडी कुजबुज होती, तीही लवकरच विरली.

“सायकल मला येत नव्हती,” पाहुणी सांगत होती. “ते म्हणायचे, एकदा चल त्या रस्त्यानं, तिथे नुसत्या चाकांचा आवाज येतो. मी म्हणायचे, हो हो, बघू. ते गेल्यावर शिकले. सोसायटीतली पोरं हसायची.”

“फार वाईट झालं हो.”

“वाईट झालं ते झालं. पण ताई, ते एकटे नव्हते. त्यांच्या डोक्याखाली कुणीतरी स्वेटर घडी करून ठेवला होता. आणि सायकल झाडाला टेकवलेली, नीट, सावलीत. पडलेली सायकल काय आपोआप उठून सावलीत जाते? पोलीस म्हणाले, ज्यानं उशाला दिलं त्यानंच धडक दिली असेल, मग घाबरून पळाला असेल. माग काही लागला नाही. आता मी ह्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे बघते आणि मनात येतं, हाच का?”

“कसला स्वेटर होता?” मावशीने विचारलं.

“राखाडी. हातानं विणलेला. एका बाहीचं मनगट तेवढं निळं.”

काकांचा स्वेटर विणताना राखाडी लोकर संपली तेव्हा बाजार बंद होता. घरात निळा गुंडा पडला होता, तोच मावशीने लावून टाकला. काका तेव्हा हसून म्हणाले होते, “बरं झालं, जत्रेत हरवलो तर हात तरी ओळखशील.”

“पाहिलाय का कुणाच्या अंगात?” पाहुणी तिच्या तोंडाकडे बघत होती.

“थंडीत काय, सगळेच घालतात,” मावशी म्हणाली आणि पाण्याचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात गेली. तांब्या भरलेलाच होता. पाठीमागून पाहुणीची नजर आपल्याला सोडत नाही, हे तिला न वळताही कळत होतं.

काका गोठ्याच्या पडवीत दुधाच्या कॅन घासत बसले होते. कॅन सकाळीच लख्ख केलेल्या होत्या.

“तुम्ही त्याला उडवलंत?” मावशीने विचारलं. आडून विचारायचं तिला सुचलंच नाही.

“नाही गं!” त्यांच्या हातातली घासणी खाली पडली. “आईशप्पथ नाही. मी गेलो तेव्हा तो पडलेलाच होता.”

“मग?”

“मग काय. उचलायला गेलो तर ओरडला. फोनला तिथे रेंज नाही. त्याचा हात धरून बसलो. कुणी येईल, कुणी येईल म्हणून वाट बघितली. कुणी आलं नाही. मग त्याचा हात सैल पडला.”

“आणि तुम्ही?”

काकांनी घासणी उचलली. “त्या ट्रॅक्टरवाल्याचं काय झालं, तुला माहीत आहे. जखमी माणसाला दवाखान्यात नेलं आणि प्रकरण त्याच्याच गळ्यात पडलं. वर्षभर कोर्टात खेटे घालत होता. मी म्हटलं, माझा टेम्पो, मी एकटा, साक्षीला कुणी नाही. कोण विश्वास ठेवणार?”

“मी ठेवला असता.”

“तू? तू तर मला केस कापणारीच्या घरात शोधत होतीस.”

मावशीला हसू आलं नाही, रागही आला नाही. आपण दोन वर्षं भलत्याच दारावर धडका मारत होतो, आणि हा माणूस रोज आपल्या शेजारी झोपून एकटाच त्या वळणावर जाऊन येत होता, एवढंच तिला कळलं. मग दुसरा विचार आला. धडक दिली नाही, असं हे म्हणतात. हे खरं कशावरून? टेम्पोचा पुढचा पत्रा कधी ठोकून घेतला होता का? ती मनातल्या मनात पत्रा आठवू लागली, आणि आपलीच तिला भीती वाटली. हेच तर ती बाई दोन वर्षं करते आहे.

“तिला सांगा,” ती म्हणाली.

“वेडी झालीस का? पोलिसात जाईल ती.”

“गेली तर गेली. मी नाही सांगणार. तुमचं आहे, तुम्हीच सांगा. पण नाही सांगितलंत, तर मलाही रोज वाटत राहील, हे खरं बोलले की नाही.”

सकाळी पाहुणी चाकांत हवा भरत होती. काका व्हरांड्यात आले आणि दोन्ही हात पुढे बांधून, मास्तरांसमोर उभं राहावं तसे उभे राहिले.

“बाई, तो स्वेटर माझा,” ते म्हणाले.

पाहुणी वाकलेली होती ती सरळ झाली. पंप तिच्या हातात तसाच राहिला. काकांनी सगळं सांगितलं. खालच्या मानेने, मध्ये न थांबता. दारात उभ्या असलेल्या मावशीला वाटलं, आता ही ओरडेल, पंप फेकून मारेल. ती ओरडली नाही.

“तुम्ही निघालात तेव्हा ते जिवंत होते?” तिने विचारलं.

“हात सैल पडला होता.”

“मी ते नाही विचारलं.”

काकांनी मान वर केली. “माहीत नाही,” ते म्हणाले. “मला नाडी बघता येत नाही. आणि मी बघितलीही नाही. पळालो.”

पाहुणीने ओठ घट्ट मिटले. अंगणात टेम्पोच्या टपावर एक कावळा ओरडत होता, त्याला कुणीच हाकललं नाही.

“बोलले काही?”

“म्हणाले, सायकल उन्हात आहे का? टायर तापेल, सावलीत ठेवा. मी म्हटलं, राहू द्या हो सायकल. तर ऐकेनात. म्हणून उठलो आणि झाडाला टेकवून आलो. मग शांत झाले.”

पाहुणी एकदम हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती पाठ फिरवून उभी राहिली. “असंच,” ती म्हणाली. “घरातही असंच. लग्नाच्या दिवशीसुद्धा असंच.”

मावशीने चहा आणून कट्ट्यावर ठेवला. तो कुणी घेतला नाही.

“मी तुम्हाला माफ केलं, असं म्हणणार नाही,” शेवटी पाहुणी म्हणाली. “परत जाताना चौकीवर जायचं की नाही, तेही मला आत्ता माहीत नाही.”

“जा तुम्ही,” काका म्हणाले. “मी इथेच असतो.”

तिने हेल्मेट चढवलं, पाण्याची बाटली अडकवली आणि मावशीला नुसती मान हलवून निघाली. घरापुढचा चढ सुरुवातीलाच अवघड. दहाबारा पॅडल मारल्यावर तिला दम लागला, सायकल डगमगली आणि ती उतरली. हँडल धरून ढकलत चालू लागली. काका घाईघाईने मागे गेले आणि सीटला मागून हात लावायला पुढे झाले. तिने मागे न पाहता हाताने नको म्हटलं.

काका थांबले. मावशीला वाटलं, आता फिरतील. पण ते फिरले नाहीत. ती चालू लागल्यावर तेही चालू लागले, हात पाठीशी धरून, तिच्या मागे चार हातांवर. ती दम खायला थांबली की तेही थांबत. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. मावशी दारात उभी राहून पाहत होती. तटाच्या कडेने दोघं वर वर जात होती, आणि दोघांमधलं अंतर कमीही होत नव्हतं, वाढतही नव्हतं.