दोन नंबरचं बटण

संजीवनीने गयाबाईंच्या उजव्या मुठीत एक भिजवलेला वाल ठेवला, ती मूठ आपल्या हातात धरली आणि म्हणाली, "दाब." वाल सालातून सुटला आणि थेट टीव्हीखाली गेला.

"चॅनलवाल्यांवर नेम धरलाय काकूंनी," वैष्णवी म्हणाली. ती वरच्या मजल्यावरची, पार्लरमध्ये कामाला. मोबाईलवरची बातमी सांगायला म्हणून आली होती आणि डाळिंब्या सोलायला बसली होती. "शनिवारी 'सातवा बांध'चा शेवटचा भाग. ऑफिशियल आहे."

"असं कसं?" गयाबाईंची सून स्वप्नाली कुकरचं झाकण हातात घेऊन दारात आली. "हिरोईनचा नवरा कुठं सापडलाय अजून?"

"सापडेल की. 'पाच वर्षांनंतर' अशी पाटी टाकतील आणि येईल दाढी वाढवून."

"अगं, बक्षिसं मिळाली त्या मालिकेला. पेपरात आलं होतं."

"तेच तर. पेपरात कौतुक आलं की समजायचं, आटपलं. त्या दुसरीतली सासू बघ, तिसऱ्यांदा स्मृती गेलीय तिची, तरी चालूच आहे."

"हिरोईनला दिवस गेलेत म्हणे."

"काय नाय. आधी आठ वाजताची साडेसहाला आणली. कुकर लावायच्या टायमाला कोण बघणार? आमच्या पार्लरमध्ये सगळ्या बघतात, पण मोबाईलवर. ते कुठं धरतात! काही घरांत टीआरपीचा डबा बसवलेला असतो, तिथं काय लागतं त्यावर सगळं ठरतं. एक डबा म्हणजे हजारो घरं म्हणे."

"डबा म्हटलं की मला ह्यांचाच दिसतो, सकाळी साडेपाचला," स्वप्नाली म्हणाली. "असतात तरी कोण ते डबावाले? मी तर एकही बघितला नाही."

"सांगायचं नसतं त्यांनी कुणाला."

"एकदा समोर येऊ दे. विचारीन, बाई, डोळे फुटले होते का तुझे?"

संजीवनीच्या चिमटीत वाल चिरडला. तिने तो सालांच्या ताटलीत टाकला आणि दुसरा घेतला.

मागच्या वर्षी झटका आला तेव्हा गयाबाईंची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचा जाणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. इथं मांजर्लीत पुराचं पाणी भरलं तेव्हा त्यांनी आणि संजीवनीने गच्चीवर दोन दिवस काढले होते, आणि ते दोन्ही दिवस गयाबाई एकट्याच बोलत होत्या. अशा बाईच्या तोंडून अकरा महिने नुसता आवाज यायचा. मग एका संध्याकाळी 'सातवा बांध'मधल्या बापू खोताने नवरा हरवलेल्या बाईच्या शेताचा बांध सरकवला, आणि पलंगावरून स्पष्ट, ठणठणीत शब्द आला.

"मेल्या!"

स्वप्नाली रडली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, जे आवडतंय ते चालू ठेवा. तेव्हापासून साडेसहाला बापू खोत आला की मेल्या. बाकी दिवसभर काही नाही. मध्ये चार दिवस मालिकेऐवजी कसला तरी सोहळा दाखवला, तर गयाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवायलाही वळल्या नाहीत.

"आता मी काय चालू ठेवू, मावशी?" संजीवनी निघताना स्वप्नालीने जिन्यात हळूच विचारलं.

संजीवनी म्हणाली, "बघू." दुसरं काय म्हणणार?

तिचं घर शेजारच्याच विंगमध्ये. दार उघडलं तर राजेंद्र, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला तिचा नवरा, सोफ्यावर मान टाकून झोपला होता. टीव्हीत सहा माणसं एकमेकांवर ओरडत होती. टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डब्यावर एक आकडा पेटलेला होता. एक. म्हणजे राजेंद्र बघतोय.

दीड वर्षांपूर्वी डबा बसवायला आलेल्या माणसाने सगळं समजावून सांगितलं होतं. साहेब एक, मॅडम दोन, मुलगा तीन. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. आणि कुणाला बोलायचं नाही, शेजारीसुद्धा नाही. संजीवनीने ते इमानाने पाळलं. सकाळी भजनं लागली की ती दोन दाबायची, कुकरची शिट्टी झाली की दोन बंद करून उठायची. डब्याच्या लेखी तिला आयुष्यात फक्त भजनं आवडत होती. 'सातवा बांध'चा एकही भाग तिने चुकवला नव्हता, पण एकही ह्या घरात बघितला नव्हता. साडेसहाला ती गयाबाईंकडे असायची. ते डब्याला कोण सांगणार?

"अहो, आपल्यामुळे बंद पडली मालिका."

राजेंद्रने डोळे न उघडता विचारलं, "कुठली?"

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला राजेंद्र फिरायला गेला. संजीवनीने चॅनल लावलं आणि दोन दाबलं. जरा थांबली. मग एक दाबलं. मग तीन, दिपेशचं. तो तर पुण्याला होता. चपला घालून तिने दारातून मागे वळून बघितलं. घरात कुणी नव्हतं, आणि तिघंजण बघत होते.

तिने हे चार दिवस केलं. चौथ्या दिवशी राजेंद्र चष्मा विसरला म्हणून परत आला. त्याने आकड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अगं, शूटिंग कधीच संपलं असेल त्यांचं."

"माहितीये मला."

तो चष्मा घेऊन गेला. एक नंबर मात्र त्याने बंद केला नाही.

शनिवारी वैष्णवी शेवटचा भाग बघायला म्हणून लवकर आली. स्वप्नालीने सासूला मागे उशी लावून बसवलं. पाच वर्षांनंतर अशी पाटी आली. नवरा आला, दाढी वाढवून. वैष्णवीने "बोलले होते ना" म्हटलं, पण कुणी हसलं नाही. मग बापू खोत आला. गयाबाई पुढे झाल्या. ओठ जुळले.

बापू खोत बांधावर गुडघे टेकून बसला. त्याने हात जोडले. मी चुकलो, म्हणाला, आणि रडू लागला. शेताची कागदपत्रं त्याने बाईच्या पायाशी ठेवली.

गयाबाईंचे ओठ तसेच राहिले. त्यांनी संजीवनीकडे बघितलं, परत टीव्हीकडे बघितलं. शिवी द्यायला माणूसच उरला नव्हता. दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं, तरी तोंड अर्धवट उघडंच होतं.

वैष्णवी उठून गेली. स्वप्नाली चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही; नळ मात्र चालू होता.

संजीवनीने पलंग गाठला. गयाबाईंचा उजवा हात मांडीवर घेतला.

"गयाताई, ऐक. तो डबा माझ्याकडे आहे." इतक्या दिवसांत हे सांगता येईल असं एकच माणूस होतं, आणि ते कुणाला सांगू शकणार नव्हतं, हे तिला बोलतानाच कळलं. "दीड वर्षं आहे. मी रोज इथं येऊन बसले आणि तिकडे दोन नंबर बंद. शिवी दे मला. मेले म्हण. तुझ्या शब्दात एवढासाच फरक आहे. म्हण."

गयाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. कपाळावर आठी आली, शब्द शोधताना यायची तशी. घशातून आवाज निघाला, अडला, परत निघाला. संजीवनीने डोळे मिटून घेतले.

"उ... उद्या?"

संजीवनीने डोळे उघडले. टीव्हीत सोमवारपासून येणाऱ्या नव्या मालिकेची जाहिरात लागली होती. नवरी बुलेटवर बसून मांडवात शिरत होती. आतला नळ बंद झाला. स्वप्नाली दारात येऊन उभी राहिली होती, हातातलं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"उद्या?" गयाबाईंनी परत विचारलं. ह्या वेळी सरळ, एका दमात.

"हो," संजीवनी म्हणाली. "साडेसहाला येते."