उकळत्या पाण्यातली कवळी

कवळीवाल्यांनी पितळी साचा चिमट्यात धरला आणि खळखळ उकळत्या पाण्यात सरळ सोडून दिला. चाळीस वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. साचा आधी कोमट पाण्यात ठेवायचा आणि तासन्‌तास हळूहळू तापवायचा, हा त्यांचाच नियम. तो मोडला म्हणून सख्ख्या मेहुण्याशी त्यांनी अकरा वर्षं अबोला धरला होता.

साच्यात हिरड्यांसाठीच्या प्लास्टिकचा गुलाबी लगदा होता. असा लगदा घट्ट होत गेला की निवांत होईल, असं कुणालाही वाटेल. होतं उलटंच. त्यातले कण एकमेकांना जोडून बनणाऱ्या वाढत्या साखळ्यांना त्या दाटीत हलता येत नाही, त्यामुळे दोन टोकं एकमेकांना गाठून थांबूही शकत नाहीत. सुटे बारीक कण मात्र फटीफटीतून सटकत येतात आणि त्यांना चिकटत राहतात. मग एकदम तापवलं की ही जोडणी भरधाव सुटते, आतल्या उष्णतेला वाट मिळत नाही आणि उरलेला द्रव आतल्या आत उकळतो. वरून कवळी चकचकीत, पोटात बुडबुडे.

त्यांना नेमकं तेच हवं होतं. कवळी होती एका क्लॅरिनेटवाल्याची. हा गृहस्थ एके काळी त्यांच्या बायकोला बघून गेला होता, जमलं नव्हतं इतकंच. परवा तो माप देऊन गेल्यावर बायको म्हणाली होती की काय दात होते यांचे तेव्हा, पुढचा एक किंचित आडवा, पण काय शोभायचा! मेणात दात बसवायचं काम तिच्याकडे. तो आडवा दात तिनं कुणाला न विचारता तस्सा बसवला. नवऱ्याचा चष्मा कुठे ठेवलाय हे मात्र तिच्या कधी लक्षात राहत नसे.

आठव्या दिवशी कवळी तडकली. क्लॅरिनेटवाला तुकडे रुमालात बांधून घेऊन आला, आणि इथे कवळीवाल्यांचा बेत फसला. पुन्हा माप आलं, पुन्हा चहा आला. बोळक्या तोंडानं तो तासभर बायकोला बँडमधले किस्से सांगत बसला. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कवळीवाल्यांनी कालवलेलं प्लास्टर वाडग्यातच दगड झालं.

तो गेल्यावर बायकोनं एक तुकडा खिडकीपाशी उजेडात धरला.

"अहो, पाणी उकळतं होतं का?"

"तापमापक बिघडलाय."

तिनं तापमापकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तिसऱ्यांदा माप द्यायला यावं लागलं, तर त्यांना जेवायलाच थांबवीन म्हणते," ती म्हणाली आणि मेण वितळवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कवळीवाले स्टुलावरून हलले नाहीत. पाणी त्यांनी तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं कोमट राखलं, एकेका अंशानं वर नेलं. जेवणाचं ताट बाजूला तसंच राहिलं. हा माणूस पुन्हा या दारात म्हणून येता कामा नये, अशी कवळी त्यांना करायची होती. ती झालीही. आत टाचणीच्या टोकाएवढाही बुडबुडा नाही, आणि घासून आणलेली चमक अशी की खिडकीचे गज तीत मोजावेत.

क्लॅरिनेटवाल्यानं ती तोंडात बसवली, आरशात पाहिलं आणि वळून हसला. तो आडवा दात बरोबर जागेवर होता. तीसेक वर्षं त्याच्या चेहऱ्यावरून उतरली होती.

"इतकं सुंदर काम तुम्ही आजवर कधी केलं नव्हतं," बायको हळूच म्हणाली.

कवळीवाल्यांनी मान वर केली. ती त्यांच्याशीच बोलत होती. बघत मात्र तिकडेच होती.