काळ्या नदीवरची होडी

आमच्या घरात बापलेकाचं बोलणं फोनवर तीन वाक्यांत आटपायचं. जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, थांब आईला देतो. ती आई मी. शाळेत शिकवते, त्यामुळे घरातही प्रश्न विचारायचं काम माझ्याकडेच.

अठ्ठ्याण्णव साली रोहित पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर सुरतेला आमच्या घरी पडून राहिला. इंटरनेटवरच्या एका खेळाचा पत्ता त्यानेच वडिलांना दिला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. कुठकुठले लोक एकाच वेळी राक्षस मारत फिरतात. आमचे हे, अविनाश, बँकेत अधिकारी. पण रविवारी दुपारी फोनची लाइन अडवून तलवार चालवायला लागले. पुण्याच्या सायबर कॅफेतून रोहितही खेळात यायचा.

लढताना बोलायला कुणाला सवड नसे. पण त्या खेळात एक काळी नदी होती आणि तिच्यावरची होडी फार सावकाश जायची. होडीत मारायला राक्षस नाही, करायला काही नाही. मग बापलेक बोलायचे. मेसची आमटी, आजोबांचा गुडघा, वर्गातल्या मुली. मी मागे उभी राहून वाचायचे आणि खरं सांगते, मला हेवा वाटायचा.

एकदा रोहितने लिहिलं, "बाबा, एक सांगायचंय. रागावू नका." तेवढ्यात होडी काठाला लागली आणि राक्षस धावून आले. पुढच्या होडीत सांगतो, एवढंच त्याने घाईने लिहिलं.

आता ह्यांचा स्वभाव सांगायला हवा. रांग दिसली की ह्यांना चैन पडत नाही. गॅसवाल्याला, रेल्वेला, नगरपालिकेला सूचना पाठवणं हा छंद. खेळ चालवणाऱ्यांनाही पूर्वी एक पाठवली होती: होडीत वेळ फुकट जातो, झटपट करा. आजवर ह्यांची एकही सूचना कुणी मनावर घेतली नव्हती. नेमकी ही घेतली.

पुढच्या रविवारी होडीत पाय ठेवला की लगेच पलीकडचा काठ. सगळे खेळाडू खूश, आणि हे तर चहा पिताना मला दोनदा सांगत होते, सूचना माझीच म्हणून. मग रोहित आला, दोघांनी न थांबता राक्षस मारले आणि वेळ संपली. पुढचे रविवारही तसेच गेले.

"काय सांगणार होता तो?" मी विचारलं.

"विचारलं मी. लढाई चालू होती, नंतर सांगतो म्हणाला."

फोनवर विचारलं तर, काही नाही, सगळं ठीक. मला धास्ती बसली. ह्यांनाही बसली होती, कारण होडी पुन्हा सावकाश करा अशी ह्यांनी दुसरी सूचना पाठवली. तिला उत्तर आलं नाही.

दिवाळीला रोहित आला. अमळनेरला आजोबांकडे जायचं होतं. आम्ही कायम एक्सप्रेसने जातो. पॅसेंजरला ह्यांनी जन्मभर नावं ठेवली. एकेरी रूळ, समोरून गाडी आली की हिला बाजूला काढून ठेवतात. ह्या वेळी तिकिटं आणली ती पॅसेंजरची. मी सुरती घारी मिठाईचा डबा पिशवीत भरला.

नवापूरच्या अलीकडे गाडी थांबली. मी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने रोहित म्हणाला, "बाबा, मी परीक्षेला बसलोच नाही. मला ते जमत नाहीये."

समोरची गाडी धडधडत निघून गेली आणि आमची हलली. रोहित घाईने म्हणाला, "जाऊ द्या, नंतर बोलू."

"नंतर कशाला?" हे म्हणाले. "अमळनेर लांब आहे. अजून चार ठिकाणी तरी थांबवतील. सांग."