रिकामं भोक

"नांगर-साखळी जोडायची ही चकचकीत फिरकी परत करून ये," बाबा म्हणाले. "सरळ ओढ सोसते ती. वारा फिरला, आडवी ओढ बसली की मान टाकते."

"चांगली महागातली आहे, बाबा."

"म्हणूनच ज्यानं विकली तो दुकानदार आनंदानं परत घेणार नाही. पण तू दे."

बोटीच्या पुढच्या टोकाला आम्ही दोघं मांडी घालून बसलो होतो. मध्ये नांगर आणि साखळीचं शेवटचं टोक. उद्या सकाळी मी आणि माझा नवरा याच बोटीतून निघणार होतो, दोन वर्षांसाठी. अनोळखी किनाऱ्यांवर आम्ही निवांत झोपायचं, ते नांगर आणि साखळी जोडणाऱ्या एका कडीच्या भरवशावर.

बाबा चौतीस वर्षं बोटींच्या सामानाच्या दुकानात काउंटरमागे उभे आहेत. समुद्रावर मात्र एक रात्रही गेले नाहीत. धक्क्याला बांधलेल्या बोटीतही त्यांना मळमळतं. काउंटरखालच्या खणात त्यांनी मोडलेल्या, उघडलेल्या कड्या जपून ठेवल्यात. घाईतलं गिऱ्हाईक आलं की त्यातली एक त्याच्या तळहातावर ठेवतात आणि गप्प राहतात.

त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यात राखाडी रंगाची, दिसायला अगदीच सामान्य कडी होती.

"भाराचा आकडा वाच."

लोखंडात उठवलेला आकडा मी वाचला. मग कडीचं तोंड बंद करणारी आट्यांची पिन साखळीतून सहज सरकते का, जस्ताचा थर कुठे उडालाय का, सगळं पाहून झालं.

खालून नवरा ओरडला, "बाबा, माझी एवढी चौकशी नव्हती केली तुम्ही!"

"तुझ्यावर आकडा कुठे होता?"

पिन आवळून झाल्यावर ती फिरू नये म्हणून तार बांधायची असते. ती बाबांनी स्वतः बांधली. चार वेढे, पक्कडीनं पीळ, आणि कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून टोक आत वळवलेलं. मग ते चहाला खाली गेले.

मी वाकून पाहिलं. वेढे सुरेख होते. पण तार पिनच्या डोक्यातल्या भोकातून गेलीच नव्हती. नुसती डोक्याभोवती गुंडाळली होती. भोकातून पलीकडचं पाणी दिसत होतं. रोजच्या हेलकाव्यांनी पिन थोडी थोडी फिरली असती आणि महिन्याभरात गळून पडली असती.

बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

मी पक्कड उचलली. ते वर येण्याआधी गुपचूप बदलता आलं असतं. पक्कड खाली ठेवली.

ते आले तेव्हा मी त्यांचा हात धरून कडीवर ठेवला आणि गप्प राहिले.

अंगठा तारेवरून फिरला, थांबला. परत फिरला.

"भोक रिकामं आहे," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी स्वतःच तार कापली आणि पक्कड माझ्याकडे दिली. "तू घाल. मी बघतो."

मी तार भोकातून ओवली, वेढे घेतले, पीळ दिला. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, सावकाश, दोनदा. काहीच टोचलं नाही.

"जमलंय."

कापलेली तार त्यांनी वेचून रुमालात गुंडाळली.

"ती कशाला, बाबा?"

"खणात ठेवतो," ते म्हणाले आणि रुमाल खिशात घातला.