मोतीबाईची हाक

"फॉर्मॅट म्हणजे राब भाजणं," मी फळ्यावर डस्टर आपटलं. "शेण, पालापाचोळा पसरायचा, काडी लावायची. तण गेलं, किडा गेला, जमीन कोरी. कळलं?"

"कळलं, मॅडम!"

कळणारच. भिसेगावात माझा कॉम्प्युटर क्लास इतकी वर्षं चालतोय तो काय उगाच? रॅम म्हणजे ओटा, हार्डडिस्क म्हणजे फडताळ. व्हायरस म्हणजे भातावरचा करपा, एका खाचरातून दुसऱ्यात जाणारा. आणि कॉपी म्हणजे विरजण. शेजारणीला दिलं म्हणून आपलं दही काही कमी होत नाही.

आज कोपऱ्यातल्या मशीनला करपा लागला होता. पोरांसमोरच मी ते फॉर्मॅट करणार होते. मागच्या बाकावर माझे वडील, आबा, बसले होते. उद्या व्यापारी चांदीला न्यायला येणार, एवढंच सांगायला ते गावाहून, कडावहून, आले होते.

चांदी आमची म्हैस. माघात आई, मोतीबाई, गेली आणि चांदीनं पान्हा सोडणंच बंद केलं. आईशिवाय कुणाचा हात तिला माहीतच नव्हता. आबा आईचं लुगडं गुंडाळूनसुद्धा दूध काढायला बसले. "वास घेतलान आन् दिली लाथ," ते म्हणाले होते, "येडी हाय का ती?" मी म्हटलं होतं, विकून टाका. आईनं तिला पारडी असल्यापासून वाढवलेली.

मी बटणावर बोट ठेवलं.

"थांब गं, थांब!" आबा ताडकन उठले. "त्यात तुजी आय हाय!"

पोरं फिदीफिदी हसली. मला आधी काही कळेना, आणि मग एकदम आठवलं. दिवाळीत आई क्लासवर आली होती. मी रेकॉर्डिंग शिकवत होते, माइक तिच्यापुढे धरला. "बोल गं काहीतरी." ती बिचारी काय बोलणार? लाजत लाजत तिनं म्हशीला हाक मारली. याच मशीनवर. आबा तेव्हा शेजारीच होते आणि मी मात्र साफ विसरले होते!

"भाजायच्या आदी बी घरात काडून ठेवत्यात," आबा चिडले होते. "शेतकऱ्याची पोर ना तू?"

"याला बॅकअप म्हणतात. लिहून घ्या," मी पोरांना दरडावलं. आणि बटणावरचं बोट काढलं.

फाईल आबांच्या फोनवर टाकली. "हितली जाईल का मग?" त्यांनी विचारलं.

"नाही हो आबा. विरजण."

संध्याकाळी मी त्यांच्यासोबत कडावला गेले. आबा चरवी घेऊन चांदीपाशी बसले. मी फोनवर आईची हाक लावली.

"ये गं चांदे... सोड गं माजी बाय, सोड..."

चांदीचे कान उभे राहिले. आबांनी आचळांना हात लावला. लाथ आली नाही. पहिली धार चरवीच्या बुडाशी वाजली आणि मला रडूच फुटलं. आबाही रडत होते, पण त्यांचे हात थांबले नाहीत.

"बेपाऱ्याला फोन कर," ते म्हणाले. "येव नको म्हनावं."

मी हाक पुन्हा पुन्हा लावत राहिले. चरवी भरली तसा फोन बंद केला. चांदीनं मान वळवून गोठ्याच्या दाराकडं पाहिलं. आबांनीही पाहिलं.