मंद आच, मोठी आच

सगळी पुस्तकं एक सांगत होती आणि ज्योत्स्नाची वही भलतंच. दगडी कोळसा हवा न लागू देता तापवला की त्यातून डांबर आणि गॅस निघून जातो, मागे कोक उरतो. मंद आचेवर, म्हणजे हळूहळू तापवला तर, कोक जास्त; मोठ्या आचेवर, म्हणजे एकदम तापवला तर, डांबर जास्त. हे तिला पाठ होतं. पण तिच्या बावीस प्रयोगांत दोन्हीकडे डांबर सारखंच निघालं होतं.

तिचे मार्गदर्शक सर मात्र खूश होते. गंगापूर रोडच्या त्या कॉलेजात पंधरा वर्षांत कुणी काही नवं शोधलं नव्हतं आणि इथे त्यांची विद्यार्थिनी जगाची पुस्तकं खोटी पाडत होती. सोमवारी प्रबंधावर सही करतो म्हणाले. सही झाली तर १९९९च्या जूनमध्ये तासिकेवरची ज्योत्स्ना कायम होणार, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. तरी तिला चैन नव्हतं. जेवताना, बसमध्ये, विद्यार्थ्यांची हजेरी घेताना ते सारखे आकडे डोळ्यांपुढे नाचत. तीन वर्षं घासली आणि आता आनंदसुद्धा धड होत नाही, याचा तिला स्वतःचाच राग येत होता.

शुक्रवारी सकाळचा तास रद्द झाला म्हणून ती आठलाच प्रयोगशाळेत आली. एरवी तास संपवून यायला अकरा वाजत, तोवर लहानूभाऊंनी सगळं उरकलेलं असे. लहानूभाऊ प्रयोगशाळेचे शिपाई, पेठकडच्या जंगलपट्ट्यातले. वजनं तर प्राध्यापकांपेक्षा अचूक करत. आज विजेची भट्टी नुकतीच सुरू झाली होती, तापमानाचा काटा शंभर अंशांवरही नव्हता.

"भाऊ, आज मोठी आच ना? कोळशाची नळी कुठंय?"

"आत हाय."

"आत? भट्टी अजून गार आहे."

"मंग? तुमीच सांगता ना, आधी भट्टी लावा. लावली."

"लावा म्हणजे चालू करा. सहाशेला पोचली की मग नळी आत सारायची."

लहानूभाऊंनी तिच्याकडे काळजीने पाहिलं. "बाई, आमच्याकडं कोळशाची भट्टी लावायची म्हंजे लाकडं रचायची, वर पाला, माती. आग मागून. पेटल्या भट्टीत माल कोण भरतो?"

ज्योत्स्ना मटकन स्टुलावर बसली. बटण पूर्ण फिरवलं तरी त्या म्हाताऱ्या भट्टीला सहाशे गाठायला तास-सव्वा तास लागे, आणि आतला कोळसा तिच्यासोबत आरामात तापत राही. मोठी आच कधी झालीच नव्हती. प्रबंधात मात्र तिने ऐटीत लिहिलं होतं, सर्व प्रयोग स्वतः केले.

तिने नळी काढली, भट्टी सहाशेवर नेली आणि ताजा कोळसा भरलेली दुसरी नळी आत सारली. पिवळट धूर उसळला, बर्फातल्या बाटलीत काळं डांबर ओघळायला लागलं. वजन नेहमीच्या दीडपट. दुपारी पुन्हा करून पाहिलं, तेच. पुस्तकं खरी होती.

"माझं चुकलं का?" लहानूभाऊंनी हळूच विचारलं.

"नाही. मी तीन वर्षांत एकदाही आठला आले नाही."

सोमवारी सरांनी तिचा नव्या दोन प्रयोगांचा कागद वाचला आणि बाजूला सारला. "दोन प्रयोगांपायी बावीस फेकून द्यायचे? प्रबंध आहे तसा देऊ. कुणाला कळणार आहे?"

हो म्हणावं असं तिला फार वाटलं. कायम होणार म्हणून आईने नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं.

"लहानूभाऊंना कळलंय," ती म्हणाली.

"शिपाई आहे तो. कोण विचारणार त्याला?" सर हसले. "आणि विचारलंच तर चूक त्याची म्हणता येईल."

ज्योत्स्नाने टेबलावरचा प्रबंध उचलला. "चुकलं का, असं त्यांनीच विचारलं होतं मला. मी नाही म्हणून सांगितलंय."

सरांनी पेन खिशात ठेवलं. आपली जागा गेली, हे तिला जिना उतरतानाच कळलं, आणि आलेलं रडू तिने आवरलं नाही.